वर्गणी, प्रायोजक आणि फुटबॉल : आयएसएलच्या आखूड मोसमाचा हिशेब

१४ फेब्रुवारी २०२६ पासून इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आपल्या देशातल्या अव्वल फुटबॉल लीगचा, २०२५-२६ चा मोसम सुरू करायचे ठरले. एरवी ही लीग सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि एप्रिल-मेपर्यंत चालते. यंदा ती सुरू व्हायलाच फेब्रुवारी उजाडला. मागचा अंतिम सामना १२ एप्रिल २०२५ रोजी झाला होता. मोहन बागानने बेंगळुरूला जादा वेळेत २-१ असे हरवले आणि त्यानंतर तब्बल दहा महिने या लीगचा एकही सामना झाला नाही.

मंडळाच्या संकेतस्थळावर क्रिकेटबद्दल कोणी लिहिले तर नवल वाटत नाही, फुटबॉलबद्दल लिहिले की भुवया उंचावतात. तरी आम्ही हा विषय घेतला, त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे आपल्या घरातली दहा-बारा वर्षांची मुले आता क्रिकेटइतकीच फुटबॉलची नावे घेऊ लागली आहेत. त्यांना बूट घेऊन द्यायचे की नाही, प्रशिक्षण लावायचे की नाही, हा प्रश्न घरोघरी येतो. दुसरे म्हणजे या लीगवर जे संकट आले ते मुळात खेळाचे नाही. एक संस्था एकाच आधारावर उभी राहिली आणि तो आधार निघाल्यावर काय झाले, याची ही गोष्ट आहे. वर्गणीवर आणि प्रायोजकांवर कार्यक्रम चालवणाऱ्या आपल्यासारख्या मंडळाला त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

नेमके घडले काय?

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी १५ वर्षांचा करार केला. भारतीय फुटबॉलचे व्यावसायिक हक्क कंपनीला आणि त्या बदल्यात १५ वर्षांत मिळून ७०० कोटी रुपये महासंघाला, असे त्याचे स्वरूप होते. याच व्यवहारातून पुढे फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड, म्हणजे एफएसडीएल, ही कंपनी पुढे आली आणि २०१४ मध्ये ८ संघांची इंडियन सुपर लीग सुरू झाली. पहिला अंतिम सामना २० डिसेंबर २०१४ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. आपल्यापैकी काहींनी तो टीव्हीवर पाहिला असेल. कोलकात्याने केरळला अगदी शेवटच्या क्षणी १-० असे हरवले होते.

हा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार, हे १५ वर्षे सर्वांना ठाऊक होते. म्हणजे २०२५-२६ चा मोसम निम्म्यावर असतानाच मुदत संपणार होती. पुढचा करार वेळेत व्हायला हवा होता, पण तो झाला नाही. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता आणि निकाल लागेपर्यंत नवा करार करता येईना. पुढे काय होणार याची खात्री नसताना मोसम सुरू करणे शक्य नाही, असे सांगून एफएसडीएलने ११ जुलै २०२५ रोजी लीग थांबवून ठेवली.

त्यानंतर पडझड सुरू झाली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. चेन्नईयिनने कामकाज थांबवले. ओडिशानेही करार स्थगित केले. ऑगस्टच्या अखेरीस फिफा आणि आशियाई महासंघाने पत्र पाठवून ३० ऑक्टोबरपर्यंत नवी घटना लागू करा, नाहीतर बंदी येईल असा इशारा दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये अशी बंदी एकदा येऊन गेलेली असल्याने ही धमकी पोकळ नव्हती.

१९ सप्टेंबर रोजी न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह आणि न्यायमूर्ती जॉयमाल्या बागची यांच्या खंडपीठाने नव्या घटनेला मान्यता दिली. हा मसुदा माजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांनी तयार केला होता. ऑक्टोबरमध्ये महासंघाने लीगच्या व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली. वर्षाला किमान ३७.५ कोटी रुपये किंवा एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के, यांतील जी रक्कम मोठी असेल ती द्यायची, अशी अट होती. मुदत संपली ७ नोव्हेंबरला. एकही बोली आली नाही.

महिनाभराने जुना करार संपला. २६ डिसेंबरला मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीमधून अंग काढून घेतले. नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन या मंडळींनी एक चित्रफीत प्रसिद्ध करून भारतीय फुटबॉल वाचवा, असे थेट फिफाला साकडे घातले. देशाचे नामवंत खेळाडू आपल्याच महासंघाला डावलून परदेशातल्या संस्थेकडे हात पसरतात, यावरून परिस्थिती किती बिघडली होती हे कळते. अखेर ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ फेब्रुवारीची तारीख आणि सर्व १४ क्लबांचा सहभाग जाहीर केला.

दुखणे पैशाचे, पण पैसा कमी असण्याचे नाही

सरकार, न्यायालय, महासंघ, कंपनी, क्लब, असे सगळेच या गोष्टीत आहेत. त्यामुळे ज्याला त्याला सोयीचा गुन्हेगार सापडतो. आमच्या मते मूळ अडचण निराळी आहे. ११ वर्षांत या लीगला स्वतःच्या पायावर उभे करण्याची गरजच कोणाला पडली नाही.

गणेशोत्सवाचे उदाहरण घेऊ. ज्या मंडळाचा उत्सव घरटी वर्गणीवर चालतो, तिथे दरवर्षी कार्यकर्ते दारोदार फिरतात, पावत्या फाडतात, कोणी कुरकुरतो, कोणी दुप्पट देतो. कटकट फार असते. पण एखाद्या वर्षी चार घरांनी दिले नाही तरी मांडव पडत नाही, फार तर रोषणाई कमी होते. ज्या मंडळाला एकच मोठा दाता मिळतो, त्याचा मांडव डोळे दिपवणारा असतो. दाराशी जायचे काम बंद होते, हळूहळू पावतीपुस्तकही हरवते. आणि ज्या वर्षी तो दाता येत नाही, त्या वर्षी वर्गणी मागायला कोणाकडे जायचे हेच कोणाला आठवत नाही.

आयएसएलचे असेच झाले. झगमगाट होता, नामवंत परदेशी खेळाडू होते, चित्रपटसृष्टीतील मालक होते. पण अनेक क्लबांचा वर्षाचा खर्च उत्पन्नाच्या कितीतरी पुढे होता आणि ती तूट मालक आपल्या खिशातून भरत होते. तिकिटे, जर्सी, स्थानिक जाहिराती, खेळाडू घडवून विकणे, हे क्लबच्या कमाईचे मार्ग जगभर ठरलेले आहेत. आपल्याकडे ते बाजूलाच राहिले.

इथे क्रिकेटशी तुलना होणारच. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. ४१० सामन्यांनी भागले तर एका सामन्याला ११८ कोटी होतात. फुटबॉल महासंघाला १५ वर्षांच्या करारातून वर्षाला सरासरी ४६-४७ कोटी मिळत होते. म्हणजे आयपीएलच्या एका सामन्याच्या प्रसारणाची रक्कम फुटबॉल महासंघाच्या या करारातल्या दोन वर्षांच्या उत्पन्नाहून जास्त आहे. असे असताना फुटबॉलची लीग आयपीएलच्या साच्यात ओतण्याचा हट्ट धरणे हे अंथरूण न पाहता पाय पसरण्यासारखे होते.

निविदेला एकही बोली का आली नाही, याचेही उत्तर यात आहे. नव्या घटनेनुसार देशाची अव्वल लीग महासंघाच्याच मालकीची आणि महासंघानेच चालवायची. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. राष्ट्रीय लीग कोणा खासगी कंपनीच्या मालकीची असू नये. पण व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर पैसा त्याने लावायचा, किमान रक्कम त्याने भरायची, आणि निर्णय मात्र दुसऱ्याने घ्यायचे, असा हा व्यवहार दिसतो. आपल्या सिल्वासातला छोटासा कारखानदारही अशा कागदावर सही करणार नाही. तत्त्व बरोबर आणि हिशेब चुकीचा असेल तर नुकसान शेवटी तत्त्वाचेच होते.

यंदाची सोय म्हणून सुमारे २५ कोटींचा एक मध्यवर्ती निधी उभारून लीग चालवायचे ठरले आहे. तेव्हा व्यावसायिक भागीदार नव्हता, त्याच्या वाट्याचा भार तूर्त महासंघाने उचलायचा आणि उरलेला क्लबांनी सोसायचा, असे ठरले. दुसऱ्या शब्दांत, दाता गेला आणि लीग वर्गणीवर आली. अनेकांना ही नामुष्की वाटते. आम्हाला मात्र ११ वर्षांतली ही पहिली निरोगी गोष्ट वाटते, पण ती एका मोसमापुरती न राहिली तरच.

मुंबई, पुणे आणि बंद पडलेल्या क्लबांची यादी

आपल्यापैकी बहुतेकांचा आपला संघ म्हणजे मुंबई सिटी. वापीला गाडीत बसले की बोरिवली आणि तिथून लोकलने अंधेरी, असा सामना पाहायला जाणे जमण्यासारखे आहे. या क्लबने २०२०-२१ च्या मोसमात लीग शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, तेही गोव्यात करोनाच्या काळात रिकाम्या मैदानांवर. २०२२-२३ मध्ये पुन्हा शिल्ड मिळवली. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३-१ असे हरवून दुसऱ्यांदा करंडक उचलला. तेव्हा कर्णधार होता आपला मुंबईकर राहुल भेके.

या यशामागे सिटी फुटबॉल ग्रुपचा पैसा आणि पद्धत होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. सहा वर्षांनी, लीगच्या भवितव्याची अनिश्चितता पाहून ते निघून गेले. क्लब पुन्हा रणबीर कपूर आणि बिमल पारेख या मूळ मालकांकडे आला. क्लब टिकला याचा आनंद आहे, पण जगातला सर्वांत यशस्वी फुटबॉल समूह ज्या बाजारातून काढता पाय घेतो तिथे पुढचा गुंतवणूकदार विचार करूनच येईल.

पुण्याची कथा याहून उदास आहे. पुणे एफसी २००७ मध्ये स्थापन झाला आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. तो आज नाही. भारत एफसी एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीगमध्ये राहिला आणि गेला. २०१४ मध्ये आयएसएलबरोबर आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. त्याची जागा हैदराबादला गेली. त्या संघाने २०२१-२२ मध्ये करंडक जिंकूनही दाखवला, पण पुढे आर्थिक अडचणीत सापडला आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. पुण्याहून निघालेली एक जागा सहा वर्षांत हैदराबादमार्गे दिल्लीला पोचते, तेव्हा तिला क्लब म्हणायचे की दुकानाचा गाळा? मुंबईतही महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता असूनही २०१० मध्ये बंद झाला, आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये.

या सर्व क्लबांच्या मागे भक्कम उद्योगसमूह होते. उणीव होती ती समाजाची. कंपनीच्या ताळेबंदात क्लब हा खर्चाचा रकाना होता आणि तो रकाना कापला गेला तेव्हा रस्त्यावर कोणी उतरले नाही.

कोल्हापूर आणि गोवा काय सांगतात

याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ ही नावे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. छत्रपती शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की पेठा ओस पडतात. तिथे ना परदेशी खेळाडूंचे कौतुक, ना मोठा प्रायोजक. पेठेतले लोक पदरचे पैसे घालतात, भांडतात, पुन्हा एकत्र येतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला आहे. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये दोष आहेत. मैदानाबाहेरची ईर्षा कधी कधी हातघाईवर येते, आणि राष्ट्रीय पातळीवर गेलेले खेळाडू त्या वेडाच्या मानाने कमीच. पण आयएसएल बंद राहिली म्हणून कोल्हापूरचे मैदान बंद राहिले नाही.

गोव्याशी आपले नाते निराळे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, त्यात पुण्या-मुंबईहून आलेले स्वयंसेवक होते. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे आपण दरवर्षी आदराने घेतो. गोव्याला त्यासाठी १९६१ पर्यंत थांबावे लागले. पोर्तुगीज राजवटीचा वारसा दोन्हीकडे, पण फुटबॉल रुजला तो गोव्यात. १८८३ मध्ये शिवोलीला एका आयरिश पाद्र्याने, फादर विल्यम लायन्स यांनी, तो आणला असे सांगतात. पुढे गावागावांच्या चर्चच्या मैदानांनी तो वाढवला.

धेंपो क्लबने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स यांनी प्रत्येकी दोनदा. तरी २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. महासंघाच्या नव्या आराखड्यात पैसे भरून आत आलेल्या संघांना वरचे स्थान आणि मैदानात जिंकून आलेल्यांना खालचे, हे त्यांना मान्य नव्हते. आज मागे वळून पाहिले तर त्यांचा आक्षेप रास्त होता असेच म्हणावे लागते.

तरी गोव्याने पाय रोवून ठेवले आहेत. धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. एफसी गोवाने मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला, त्यावर आशियाई चॅम्पियन्स लीग टूमध्ये प्रवेश मिळवला आणि २२ ऑक्टोबरला फातोर्ड्यात अल-नस्र या सौदी क्लबशी सामना खेळला. रोनाल्डो आला नाही म्हणून अनेकांची निराशा झाली. पण गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने गोल केला आणि २-१ हा पराभव मानाने पत्करला. डिसेंबरमध्ये ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून गोव्याने पुन्हा सुपर कप जिंकला. देशात लीग बंद असतानाची ही कामगिरी आहे.

जपानने काय केले

परदेशातले एक उदाहरण देतो, कारण तेही मोठ्या कंपन्यांच्या संघांपासूनच सुरू होते. जपानची जे-लीग १९९३ मध्ये १० क्लबांवर सुरू झाली. आधी तिथले संघ कंपन्यांच्या नावाने खेळत. नव्या लीगने अट घातली की क्लबच्या नावात कंपनी नको, गाव हवे, आणि त्या गावात मुलांसाठी काम करणे बंधनकारक. तरीही १९९८ मध्ये योकोहामा फ्लुगल्स हा क्लब प्रायोजक गेल्याने दुसऱ्या संघात विलीन करण्याचे जाहीर झाले. तेव्हा त्याच्या पाठीराख्यांनी वर्गणी काढून नवा क्लब उभा केला, योकोहामा एफसी. तो खालच्या पायरीपासून चढत अव्वल लीगपर्यंत पोचला. आज जे-लीगच्या तीन श्रेणींत मिळून ६० क्लब आहेत. पुण्याची जागा हैदराबादला गेली तेव्हा आपल्याकडे असे काही झाले नाही. होण्यासारखी नाती आपण जोडलीच नव्हती.

यंदाचा मोसम कसा पाहावा

१४ संघ, ९१ सामने. प्रत्येक संघ इतर १३ संघांशी एकेकदाच खेळणार. मागच्या मोसमात १३ संघ होते आणि प्रत्येकाला २४ सामने मिळाले होते. म्हणजे खेळाडूच्या वाट्याचा खेळ जवळजवळ निम्म्यावर आला. आशियाई महासंघाला क्लबने मोसमात किमान २४ सामने खेळलेले हवे असतात. त्यामुळे आशियाई स्पर्धांतील आपल्या जागांचा प्रश्न उभा राहतो.

खेळाच्या दृष्टीने याचे तीन परिणाम होतील असे आम्हाला वाटते.

पहिला म्हणजे, चुकीला माफी नाही. एका प्रतिस्पर्ध्याशी एकच सामना, तो घरी की बाहेर हे वेळापत्रक ठरवणार. सुरुवातीला तीन सामने घसरले की सावरायला वेळच नाही. त्यामुळे चांगल्या संघाइतकाच तयारीत असलेला संघ पुढे जाईल. पगार थांबले, सराव थांबले, अशा क्लबांना हे जड जाणार. सुपर कप खेळून पाय मोकळे ठेवलेल्या गोव्याला आणि ईस्ट बंगालला त्याचा फायदा मिळावा.

दुसरा, परदेशी खेळाडूंची वाट पाहण्याची वृत्ती संपली. कित्येकजण निघून गेले. केरळ ब्लास्टर्सचा कर्णधार आद्रियान लुनासुद्धा इंडोनेशियातल्या क्लबकडे उसना गेला. ती जागा कोणीतरी भरणार आणि ते बहुधा तरुण भारतीय खेळाडू असतील. आक्रमणात भारतीय मुलांना संधी मिळत नाही ही जुनी तक्रार होती. यंदा ती नाइलाजाने का होईना, दूर होईल.

तिसरा परिणाम राष्ट्रीय संघावर. १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात सिंगापूरकडून २-१ ने हरून आपण २०२७ च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाद झालो. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाकडून हरलो, तेही २००३ नंतर प्रथमच. फिफाच्या क्रमवारीत भारत १४२ व्या स्थानावर घसरला. प्रशिक्षक खालिद जमील यांनी मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळून आणि मुंबई एफसीला शिकवून नाव कमावले. ऑगस्टमध्ये सूत्रे हाती घेताच त्यांनी मध्य आशियातल्या काफा नेशन्स चषकात ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान मिळवून दिले होते. पण ज्या देशात लीगच नाही, तिथल्या प्रशिक्षकाने खेळाडू निवडायचे कुठून?

आपल्या घरातला प्रश्न

आता मुलांकडे वळू. 'फुटबॉलमध्ये काही भवितव्य आहे का?' असे पालक विचारतात. २०२५ मध्ये आयएसएलच्या खेळाडूंचे पगार थांबलेले पाहून या प्रश्नाला हो म्हणणे धाडसाचे ठरेल. पण नाही म्हणून मैदान बंद करणेही चूक ठरेल.

सिल्वासात राहणाऱ्यांना सवलतीच्या मुदतीचा अर्थ समजावून सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी घरांचे बिऱ्हाड करसवलतींमुळे आलेल्या कारखान्यांच्या मागोमाग इथे आले. आमळी, मसाट, राखोली, खडोली इथले कारखाने आपली रोजीरोटी झाले. सवलत संपली की काही कारखाने दुसरीकडे जातात, हेही आपण पाहिले. राहिले कोण? ज्यांनी इथे माणसे जोडली, कसब असलेले कामगार तयार केले, ते राहिले. फुटबॉलचेही असेच होईल. सवलतीवर आलेले जातील, मुळे धरलेले राहतील. आपल्या मुलाने कशावर विसंबावे हे त्यावरून ठरवावे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. १४-१५ वर्षांपर्यंत मुलाला आणि मुलीलाही मनसोक्त खेळू द्यावे. त्यात अंगमेहनत आहे, शिस्त आहे, हार पचवणे आहे. त्या वयात अकादमीच्या नावाखाली मोठी रक्कम मागणाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाकडे महासंघाचा मान्यताप्राप्त परवाना आहे का, मुलाची नोंदणी अधिकृतपणे होणार का, आणि वर्षाला किती स्पर्धात्मक सामने मिळणार? उत्तर गुळमुळीत आले तर पैसे घरीच ठेवावेत. शाळा सोडून फुटबॉल, असा सौदा तर कोणीही करू नये. पुढे खेळाडू झाला तर उत्तम. नाही झाला तरी पंच, प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, अशा वाटा असतात, आणि त्या वाटांना शिक्षण लागतेच.

आपल्या प्रदेशात काहीच नाही असेही नाही. संतोष करंडकाच्या पश्चिम विभागात आपल्या प्रदेशाचा संघ गोवा, गुजरात यांच्याबरोबर खेळलेला आहे. मे २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर खेलो इंडिया बीच गेम्स झाले, त्यात वाळूवरचा फुटबॉलही होता. खानवेल-दुधनीकडच्या वारली, कोकणा मुलांच्या पायांत चपळाई आहे. आपल्या मुलांनी त्यांच्याबरोबर खेळावे, हा फुटबॉलचा आणि शेजारधर्माचाही फायदा आहे. चेंडू एक आणि मैदान सपाट असले की भाषा आडवी येत नाही.

मंडळाने काय करावे

मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, दर रविवारी सकाळी मुलांचा दोन तासांचा फुटबॉल सुरू करावा. मंडळाबाहेरच्या मुलांनाही तो खुला असावा. खर्च चेंडूंचा, चुन्याचा आणि पाण्याचा, एवढाच. दुसरी, तो खर्च एका दात्याकडून न घेता घरटी छोट्या वर्गणीतून करावा. कोणी मोठी देणगी देऊ केली तर ती साहित्यासाठी घ्यावी, पण रविवारचा खेळ त्यावर अवलंबून ठेवू नये. तिसरी, मोसमात एकदा सर्वांनी मिळून अंधेरीला मुंबई सिटीचा एखादा सामना तिकीट काढून पाहायला जावे. फुकट पासाची वाट पाहू नये. क्लब जगवणारा प्रेक्षक तिकीट काढतो.

आयएसएलचा हा मोसम पार पडेल, कोणीतरी जिंकेल. खरी परीक्षा त्यानंतर आहे. मे महिन्यानंतर महासंघ आणि क्लब मिळून पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडतात, की पुन्हा एखाद्या मोठ्या दात्याची वाट पाहत बसतात, यावर सगळे अवलंबून आहे. आपल्या हातात तेवढे नाही. मात्र वर्गणीचे पावतीपुस्तक हरवू न देणे आपल्या हातात आहे. रविवारच्या खेळासाठी ज्या घरांतून मुले येतील त्यांनी आपली नावे मंडळाच्या कार्यालयात नोंदवावीत. पहिल्या पानावर किती नावे चढतात ते पाहण्याची आम्हाला उत्सुकता आहे.